दुधाची पारख आणि गाईची कास
(नभोवाणीवरील भाषण)



सकाळीं दूध दारांत आलें, तापविलें, चहांत घातलें आणि मुलांच्या पेल्यांत ओतलें, म्हणजे आपला व दुधाचा संबंध संपतो. दूध दाट आहे कीं पातळ, साय किती धरते, नासतें कीं काय, ह्यापलीकडे शहरांतील गृहस्थ सहसा चौकशी करीत नाहीं. परंतु दुधाची कथा भांड्यांत सुरू होत नसून गाईच्या कासेंत सुरू होते. आणि कासेंत कांहीं बिघडलें असेल तर तें पुढें कोणत्याही चुलीवर पूर्णपणें सुधारतां येत नाहीं. ही साधी गोष्ट युरोप-अमेरिकेंतील शास्त्रज्ञांना, कायदे करणारांना व गवळ्यांना पटण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. त्या शंभर वर्षांची हकीकत आज आपणांपुढें मांडण्याचा विचार आहे.

ह्या काळांत मनुष्यानें दुधाला क्रमाक्रमानें तीन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न, ह्यांत पाणी किती? दुसरा, ह्यांत लोणी किती? आणि तिसरा, हें दूध देणारी गाय निरोगी आहे काय? पहिले दोन प्रश्न पैशाचे होते, म्हणून ते आधीं सुचले. तिसरा प्रश्न वास्तविक पहिला. पण तो विचारावयास सर्वांत उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत मोठ्या शहरांतील लहान मुलांनीं दिली.

आरंभ न्यूयॉर्क शहरापासून करूं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तें शहर भराभर वाढलें. कुरणें दूर गेलीं, आगगाड्या थोड्या होत्या, बर्फाची सोय नव्हती. अशा वेळीं दारू गाळणाऱ्या कारखान्यांच्या शेजारीं गाईंचे गोठे उभे राहिले. धान्यापासून दारू काढल्यावर उरणारा ऊन ऊन चोथा पन्हळींतून थेट गव्हाणींत सोडीत. हजारों गाई अंधाऱ्या, कोंदट जागेंत दाटीवाटीनें बांधलेल्या असत. एकदां आंत गेलेली गाय बहुधा मेल्यावरच बाहेर येई. त्यांचें दूध पातळ व निळसर निघे, म्हणून त्यांत खडूची पूड किंवा पीठ घालून तें दाट करीत आणि खेड्यांतील शुद्ध दूध म्हणून विकीत. रॉबर्ट हार्टले ह्या मद्यपाननिषेधाच्या कार्यकर्त्यानें दारूच्या भट्ट्यांचा मागोवा घेतां घेतां हे गोठे पाहिले व १८४२ सालीं दुधावर एक मोठा निबंध प्रसिद्ध करून लहान मुलांच्या मृत्यूंचा संबंध ह्या दुधाशीं जोडला. लोकांनीं तो वाचला आणि ते स्वस्थ बसले.

१८५८ सालीं मात्र फ्रँक लेस्ली ह्यांच्या सचित्र साप्ताहिकानें ह्या गोठ्यांचीं चित्रें छापलीं. अंगावर व्रण पडलेल्या, शेपट्या झडलेल्या, उभें राहण्याचीही ताकद नसलेल्या गाईंची धार काढली जात आहे, हें चित्रांत पाहिल्यावर शहर खडबडून जागें झालें. तरीही नगरपालिकेच्या चौकशीचा शेवट गोठ्यांत हवा खेळती ठेवावी अशा किरकोळ सूचनांत झाला. राज्याचा कायदा होण्यास १८६२ साल उजाडावें लागलें. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, लोकांना गाय आजारी आहे हें चित्रांत दिसलें. दुधांत तें कोणालाच दाखवितां आलें नव्हतें. तसें दाखविण्याचें साधनच त्या काळीं नव्हतें.

साधन होतें तें लॅक्टोमीटरचें. दूध पाण्यापेक्षां थोडें जड असतें. पाण्याची घनता १ धरली तर गाईच्या चांगल्या दुधाची सुमारें १·०२८ ते १·०३२ भरते. दुधांत पाणी घातलें कीं ती उतरते आणि तरंगणारी कांचेची नळी खोल बुडते. युक्ति सोपी व स्वस्त होती. पण साय काढून घेतली म्हणजे हीच घनता वाढते. कारण साय दुधाहून हलकी. तेव्हां आधीं साय काढावी, मग बेताचें पाणी घालावें, कीं नळी पुन्हां पूर्वीच्या रेषेवर येऊन उभी राहते! गवळ्याचें गणित परीक्षकाच्या गणिताहून एक पाऊल पुढें गेलें. ज्या परीक्षेंत एकच प्रश्न विचारतात, तिचें उत्तर पाठ करणारे विद्यार्थी निघतातच, हा अनुभव आम्हां शिक्षकांना नवा नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टीफन बॅबकॉक ह्यांनीं १८९० सालीं शोधून काढलें. त्या प्रांतांत लोण्याचे व चीजचे कारखाने निघाले होते आणि दुधाचा भाव वजनावर ठरत असे. ज्यानें प्रामाणिकपणें दाट दूध घातलें त्याला, आणि ज्यानें पाणी घातलें त्यालाही, एकच दर! बॅबकॉक ह्यांनीं लांब मानेच्या बाटलींत दूध घेऊन त्यांत गंधकाचें तीव्र आम्ल मिसळलें. आम्लानें स्निग्धांश सोडून बाकीचें सर्व विरघळतें. मग बाटली यंत्रांत घालून जोरानें फिरवावयाची व ऊन पाणी घालावयाचें, म्हणजे स्निग्धांश वर येऊन बाटलीच्या मानेंत जमतो आणि तेथील रेषांवरून त्याचें प्रमाण वाचतां येतें. ह्या शोधाचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. तो सर्वांना खुला ठेवला. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्यें निक्लाउस गेर्बर ह्यांनीं अशीच एक पद्धति बसविली, आणि पुढें ती युरोपांत व आपल्या देशांतही रूढ झाली.

ह्या छोट्या बाटलीनें मोठी सामाजिक क्रांति केली. शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणाला भाव आला आणि सहकारी दुग्धालयांचा पाया पक्का झाला. डेन्मार्कमध्यें पहिलें सहकारी दुग्धालय १८८२ सालीं येडिंग येथें निघालें होतें. १८९५ सालीं त्याच देशांत व्हायेन येथें प्रत्येक गाईच्या दुधाची व स्निग्धांशाची नोंद ठेवणारी पहिली मंडळी स्थापन झाली. गाय म्हणजे गोठ्यांतील एक जनावर एवढीच तिची ओळख न राहतां तिच्या नांवाचा खातेउतारा निघूं लागला. परंतु स्निग्धांश उत्तम असलेलें दूध रोगट कासेंतून आलेलें असूं शकतें. बाटलीला त्याचा पत्ता लागत नव्हता.

आतां कासेकडे वळूं. गाईची कास बाहेरून एक दिसली तरी आंतून तिचे चार स्वतंत्र भाग असतात आणि प्रत्येक भागाला एक सड. एका भागाचें दूध दुसऱ्यांत जात नाहीं. एक लिटर दूध तयार होण्यास सुमारें ४०० ते ५०० लिटर रक्त कासेंतून फिरावें लागतें, यावरून तिच्या श्रमाची कल्पना येईल. सडाच्या टोकाशीं सुमारें एक सेंटिमीटर लांबीचा अरुंद मार्ग असतो. एरवीं तो घट्ट मिटलेला असतो. धार काढल्यावर मात्र तो पुरता मिटण्यास अर्धा-पाऊण तास तरी लागतो. तेवढ्या अवधींत गाय शेणामुतांत बसली, कीं जंतूंना दार उघडें सांपडतें. धार झाल्यावर गाईपुढें वैरण टाकून तिला उभी ठेवावी, असें जाणते लोक सांगतात, त्याचें कारण हें आहे.

जंतु आंत शिरून कास सुजते त्या रोगाला शास्त्रीय भाषेंत कासदाह म्हणतात. आपल्याकडील शेतकरी त्याला ‘दगडी’ म्हणतात, कारण कास दगडासारखी कठीण होते. हा रोग सांसर्गिक असून त्याच्या मुळाशीं साखळीच्या आकाराचे सूक्ष्म जंतु आहेत, हें फ्रान्समध्यें नोकार व मोलरो ह्यांनीं १८८७ सालीं दाखवून दिलें. धार काढणाराचे हात एका गाईकडून दुसरीकडे हा रोग नेतात, हेंही त्यांतून उमगलें. म्हणजे ज्या हातांवर दूध अवलंबून, तेच हात रोगाचे वाहक ठरले.

पण उघड दगडी हा रोगाचा लहानसा भाग होय. कास सुजली, दुधांत गुठळ्या किंवा रक्त दिसलें, तर गवळी स्वतःच सावध होतो. खरी अडचण छुप्या रोगाची. गाय खाते, पिते, दूध पांढरें शुभ्र दिसतें, आणि तरी एखाद्या सडांत जंतु ठाण मांडून बसलेले असतात. दूध हळूहळू कमी होतें. त्यांतील शर्करा व केसिन घटतें, मिठाचा अंश वाढतो, म्हणून चव किंचित् खारट लागते. चीज कमी उतरतें व दूध लवकर बिघडतें. धनी म्हणतो, गाय आटत चालली. ती आटत नसते, आजारी असते.

दुधांतून माणसास रोग होतो कीं नाहीं, ह्याविषयीं त्या काळीं थोरांमध्येंही मतभेद होता. क्षयाचा जंतु शोधून काढणारे रॉबर्ट कॉख ह्यांनीं १९०१ सालीं लंडन येथील परिषदेंत, गाईच्या क्षयापासून माणसाला फारसें भय नाहीं, असें मत मांडलें. एवढ्या अधिकारी पुरुषाचा शब्द. तो मानून स्वस्थ बसणें सोपें होतें. पण ब्रिटिश सरकारनें त्याच वर्षीं एक शाही आयोग नेमला. आयोगानें दहा वर्षें प्रयोग केले आणि १९११ सालीं अखेरचा अहवाल दिला कीं, रोगी गाईच्या दुधापासून माणसांना, विशेषतः मुलांना, क्षय होतो. दूध तापवून जंतुरहित करण्याच्या चळवळीला ह्या निर्णयानें मोठें बळ मिळालें.

आतां तिसरा प्रश्न नीट विचारण्याची वेळ आली होती. त्याचें उत्तर शोधण्याचा मार्ग १९१० सालीं अमेरिकेंतील प्रेस्कॉट व ब्रीड ह्यांनीं सुकर केला. दुधांत जनावराच्या शरीरांतील कांहीं पेशी असतात, त्यांतील बऱ्याच रक्तांतील श्वेत पेशी. जंतूंशीं लढण्यासाठीं त्या कासेंत धांवून येतात, म्हणून रोग असेल तेथें त्यांची संख्या वाढते. पूर्वीं दूध यंत्रांत फिरवून तळाशीं बसलेला गाळ तेवढा तपासीत. पण बऱ्याच पेशी सायीबरोबर वर जातात व मोजणींतून सुटतात, हें ह्या दोघांना आढळलें. त्यांनीं दुधाचा एक-शतांश घनसेंटिमीटर इतका थेंब कांचेवर एक चौरस सेंटिमीटर जागेंत पसरला, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी मोजल्या आणि हिशेब केला. निरोगी दुधांतही कांहीं पेशी असतातच, म्हणून दुधांतील प्रत्येक पेशीला ‘पू’ म्हणणें अन्यायाचें आहे, हेंही अशा मोजणीनेंच स्पष्ट झालें. निरोगी सडाच्या दुधांत एका मिलिलिटरला बहुधा एक लाखाहून कमी पेशी असतात. दोन लाखांच्या पुढें गेल्यास जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा, असें आतां सामान्यतः मानतात.

परंतु सूक्ष्मदर्शक गोठ्यांत नेतां येत नाहीं. १९३९ सालीं व्हाइटसाइड ह्यांनीं दाहक सोड्याचें द्रावण दुधांत ढवळलें असतां रोगट दूध चिकट होतें, ह्यावर एक चाचणी बसविली. ह्याच धाग्याचा पाठपुरावा करून कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पशुवैद्य ऑस्कर शाल्म व त्यांचे सहकारी नूरलँडर ह्यांनीं १९५७ सालीं आपली प्रसिद्ध चाचणी जगापुढें ठेवली. चार खळग्यांची एक तबकडी. प्रत्येक खळग्यांत एकेका सडाचें थोडें दूध, आणि त्यांत तेवढेंच साबणासारख्या धुण्याच्या रसायनाचें द्रावण. तबकडी हातानें फिरविली, कीं क्षणभरांत निकाल. रसायनानें पेशींचें आवरण फुटतें, आंतील केंद्रकद्रव्य बाहेर येतें व तें एकत्र होऊन दुधाला दाटपणा येतो. जितक्या पेशी अधिक, तितका दाटपणा अधिक. दूध पाण्यासारखेंच वाहिलें तर सड चांगला. अंड्याच्या बलकासारखा गोळा जमला तर सड आजारी. ज्या गोठ्यांत प्रयोगशाळा नव्हती तेथें ही चाचणी पोंचली. पुढें पाकिस्तानांत फैसलाबाद येथील पशुवैद्यांनीं घरगुती कपडे धुण्याच्या पावडरीचें सुमारें ३ टक्क्यांचें द्रावण वापरूनही तोच निष्कर्ष मिळतो असें दाखविलें, तेव्हां परीक्षेचा खर्च अगदींच थोडा उरला.

रोग ओळखतां आला, पण आवरावयाचा कसा? १९४० नंतर पेनिसिलीन आलें आणि आतां कासदाहाचा अंत झाला, असें पुष्कळांना वाटलें. तसें झालें नाहीं. कांहीं जंतु औषधाला दाद देईनासे झाले. औषधाचा अंश दुधांत उतरूं लागला, आणि चीजच्या कारखान्यांत विरजणच लागेना. दुसरीकडे धार काढण्याचीं यंत्रें पसरत होतीं. ग्लासगोच्या शील्स ह्यांनीं १८९५ च्या सुमारास ओढ थांबून थांबून लागेल अशी व्यवस्था केल्यापासून तीं कामाचीं झालीं होतीं. कारण अखंड ओढीनें सडांत रक्त सांकळतें. पण बिघडलेलें यंत्र घाणेरड्या हाताइतकेंच घातक ठरे.

ह्या कोड्याचा उलगडा इंग्लंडांत रेडिंगजवळ शिनफील्ड येथील राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेनें १९६० नंतरच्या दशकांत केला. डॉड, नीव्ह व किंगविल ह्या संशोधकांनीं प्रश्नच वेगळ्या तऱ्हेनें मांडला. कळपांतील रोगाचें प्रमाण दोन गोष्टींवर अवलंबून असतें: नव्या सडांना रोग किती वेगानें लागतो, आणि लागलेला रोग किती दिवस टिकतो. वेग कमी करावयाचा व मुदतही तोडावयाची. त्यासाठीं त्यांनीं पांच नियम सांगितले. धार झाल्यावर प्रत्येक सड जंतुनाशकांत बुडवावा. उघड रोग झाल्यास ताबडतोब उपचार करून नोंद ठेवावी. गाय भाकड करतांना सडांत औषध सोडावें. वारंवार आजारी पडणारी गाय कळपांतून काढावी. आणि धार काढण्याचें यंत्र नेमानें तपासावें. नुसता सड बुडविण्यानें नव्या रोगाचें प्रमाण सुमारें निम्म्यानें उतरतें, असें आढळलें. त्यांत चमत्कार कांहीं नव्हता. होती ती रोज दोनदां, न चुकतां पाळावयाची शिस्त.

पण शिस्त कोण पाळणार, जर तिचा मोबदला नसेल? येथें पेशींची गणना उपयोगी पडली. विजेच्या यंत्रांनीं ती झपाट्यानें होऊं लागल्यावर दूध विकत घेणाऱ्या संस्थांनीं दुधाचा भाव पेशींच्या आंकड्याशीं जोडला. युरोपीय समुदायानें १९९२ च्या आदेशानें गाईच्या कच्च्या दुधासाठीं मिलिलिटरला ४,००,००० ही मर्यादा ठरविली; अमेरिकेंत १९९३ पासून ७,५०,००० ही मर्यादा आली. ज्या गाईच्या दुखण्याकडे दयाबुद्धीनें लक्ष गेलें नव्हतें, त्याकडे हिशेबानें लक्ष गेलें. मनुष्यस्वभावाचा हा भाग फारसा भूषणास्पद नाहीं. पण कायदा करणारानें तो ओळखून असावें, हें बरें.

तथापि आंकड्यांचीही पूजा करूं नये. वासरूं झाल्यावर पहिले कांहीं दिवस पेशी अधिक असतात. वेताच्या अखेरीस दूध थोडें उरतें म्हणून त्या दाटतात. वयस्क गाईंत, ज्यांच्या कासेनें पूर्वीं रोग सोसले आहेत, त्या अधिक सांपडतात. उन्हाळ्याच्या तापानें व घाणीनें आंकडा चढतो. शिवाय साऱ्या गोठ्याचें दूध एकत्र करून मोजलें, तर एक फार आजारी गाय वीस निरोगी गाईंना बदनाम करते, किंवा वीस निरोगी गाई एकीचें दुखणें झांकून टाकतात. म्हणून आंकडा हा इशारा समजावा. निकाल गोठ्यांत जाऊन, सडासडाचें दूध पाहूनच करावा. हल्लीं ह्या आंकड्याला एक नवें काम मिळालें आहे. युरोपीय संघानें जानेवारी २०२२ पासून निरोगी जनावरांना नुसतें खबरदारी म्हणून प्रतिजैविकें देण्यावर कडक निर्बंध घातले. भाकड होणाऱ्या सर्व गाईंना सरसकट औषध देण्याची जुनी पद्धति त्यामुळें मागें पडली आणि खरोखर गरज कोणाला, हें ठरवितांना पेशींची गणना आधाराला आली.

आपल्याकडे काय? मुंबईला दूध पुरविण्याची सरकारी योजना १९४५ सालीं सुरू झाली आणि खेडा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा सहकारी संघ १४ डिसेंबर १९४६ रोजीं आणंद येथें नोंदला गेला. गांवोगांव दुधाचा नमुना घेऊन स्निग्धांशावर दाम मोजण्याची रीत ह्या चळवळीनें घरोघर नेली, ही थोडी कामगिरी नव्हे. पण आपला भाव मुख्यतः स्निग्धांश व इतर घनपदार्थ ह्यांवर ठरत आला. म्हणजे पहिले दोन प्रश्न आपण चांगले विचारले. तिसरा अजून पुरता विचारलेला नाहीं. आणि त्याची गरज आपल्याला परदेशापेक्षां अधिक आहे. ज्याच्या दारीं दोनशें गाई आहेत त्याचा एक सड गेला तर वहींत एक ओळ कमी होते. ज्याच्या दारीं एक गाय व एक म्हैस, त्याचा एक सड कायमचा आटला, तर मुलांच्या पुस्तकांचे पैसे आटतात.

उपाय मात्र महाग नाहींत. धार काढण्यापूर्वीं हात व कास धुऊन कोरडी करावी. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घेऊन गुठळ्या दिसतात कीं काय तें पाहावें. त्या जमिनीवर सांडूं नयेत. आंगठा मुडपून सड ओढूं नये, सबंध मुठीनें धार काढावी. आजारी गाईची धार शेवटीं काढावी. धार झाल्यावर सड औषधांत बुडवावेत आणि गाईपुढें वैरण टाकावी.

शहरांतील श्रोते म्हणतील, आम्ही दूध उकळतों, मग आम्हांला काय? उकळणें अवश्य चालू ठेवावें. त्यानें जंतु मरतात. पण कांहीं जंतूंनीं दुधांत सोडलेलें विष उकळीलाही टिकतें, आणि आजारी कासेनें घटविलेलें केसिन चूल परत देत नाहीं. म्हणून आपण ज्या संघाचें किंवा दुग्धालयाचें दूध घेतां, त्याला स्निग्धांशाबरोबर हेंही विचारावें, कीं गाईंच्या कासा तपासल्या जातात काय, आणि ज्याच्या गाई निरोगी आहेत त्या शेतकऱ्याला दोन पैसे अधिक मिळतात काय. घेणाऱ्यांनीं लोणी मागितलें तेव्हां बाजारानें लोणी मोजावयास शिकून घेतलें. त्यांनीं निरोगी गाय मागितली, तर तीही मोजली जाईल.